चर्च, धर्मगुरू आणि मुलांची सुरक्षितता: बदलीचा कागद की पोलिसांना फोन?

पाटीपेन्सिल

चर्चमधल्या बाललैंगिक अत्याचारांची बातमी आली की चर्चा ठरलेल्या दोन रुळांवरून धावते. 'हे सगळे असलेच' म्हणणारे एकीकडे आणि 'मूठभरांमुळे सगळ्यांना बदनाम करू नका' म्हणणारे दुसरीकडे. मला या धाग्यात वेगळंच बोलायचंय. असे प्रकार होऊच नयेत म्हणून चर्चने आणि धर्मगुरूंनी नेमकं काय करायला हवं? आणि जिथे फसलं तिथे काय चुकलं?

'तेव्हा कुणाला काही कळत नव्हतं' हा बचाव फार ऐकू येतो, म्हणून आधी थोडं जुनं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये फादर जेराल्ड फिट्झगेराल्ड यांनी अडचणीत सापडलेल्या धर्मगुरूंसाठी एक संस्था काढली होती. दारूच्या आहारी गेलेले वगैरे तिथे यायचे. हळूहळू मुलांवर अत्याचार केलेल्यांनाही बिशप (म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख) तिथे पाठवू लागले. या फिट्झगेराल्डनी १९५०च्या दशकातच बिशपांना पत्रं लिहून बजावलं होतं की ही माणसं सुधारत नाहीत, त्यांना पुन्हा धर्मग्रामात (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत) नेमू नका, धर्मगुरूपदावरूनच काढा. अशांना ठेवायला म्हणून एका बेटाचा विसार देण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. ती पत्रं वर्तमानपत्रांत आली २००९ साली. म्हणजे कळत होतं. सांगणारा त्यांच्याच झग्यातला होता.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असेल. जानेवारी २००२ मध्ये 'बॉस्टन ग्लोब'ने जॉन गेगन या धर्मगुरूचं प्रकरण छापलं. तक्रारी धर्मप्रांताच्या कचेरीत पोचलेल्या होत्या, तरी त्याची एका धर्मग्रामातून दुसऱ्यात बदली होत राहिली. त्याच्याविरुद्ध पुढे आलेल्यांची संख्या १३०च्या वर होती. डिसेंबरमध्ये बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावं लागलं. २००४ मध्ये जॉन जे कॉलेजचा अहवाल आला: १९५० ते २००२ या काळात अमेरिकेतल्या ४,३९२ कॅथलिक धर्मगुरूंवर आरोप, तक्रारदार १०,६६७. त्या काळातल्या एकूण धर्मगुरूंच्या साधारण चार टक्के.

चार टक्के म्हणजे उरलेले शहाण्णव टक्के निर्दोष, असं कुणी म्हणेल. अत्याचाराच्या बाबतीत ते खरंही असेल. पण बदलीच्या कागदावर सही करणारे, कागद टाइप करणारे, नव्या धर्मग्रामात त्याचं स्वागत करताना गप्प बसणारे बहुतेक त्या शहाण्णवातलेच होते. माझा सगळा रोख त्यांच्यावर आहे.

धर्मगुरूची भूमिका काय, याचं माझं उत्तर असं: तपास करायचा नाही, निवाडा करायचा नाही, समेट तर मुळीच घडवायचा नाही. ऐकून घ्यायचं आणि त्याच दिवशी बाहेर, म्हणजे पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला, कळवायचं. मग बिशपला.

तुम्हाला काय वाटतं?

दोनशब्द

वाचतोय.

रानजाई

चांगला विषय. मी रविवारच्या शाळेत लहान मुलांचा वर्ग घेते. बिशप आणि व्हॅटिकन राहू द्या, मी वर्गातलं सांगते.

आमच्याकडे नियम आहे: एक मोठं माणूस आणि एक मूल, बंद दाराआड, कधीच नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तर मूल म्हणतं शू लागली, बरोबरची ताई अजून उगवलेली नसते आणि बाकीची मुलं रंगाचे खडू घेऊन पसरलेली असतात. मग दार सताड उघडायचं, शेजारच्या वर्गातल्या ताईला हाक मारायची आणि ती येईपर्यंत सगळी वरात घेऊन दारात उभं राहायचं. चड्डी ओली झाली तर झाली. पालकांना सांगायला लाज नाही वाटत.

दारांना काचेची उभी पट्टी बसवून घेतली आहे. एका नाताळात कुणीतरी हौसेने त्या पट्टीवर मोठी चमकीची चांदणी चिकटवली. आमच्या सुरक्षा समितीतल्या बाई आल्या, त्यांनी काही न बोलता पट्टीने ती खरवडून काढली. मुलं हिरमुसली, दोन आयांनी नाकं मुरडली. पण त्या दिवसापासून काच कशासाठी आहे हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सगळ्यात जास्त विरोध कुणाचा होतो माहितीये? जुन्या, सगळ्यांच्या लाडक्या स्वयंसेवकांचा. 'इतकी वर्षं सेवा करतोय, आता माझ्यावर संशय?' मी म्हणते, नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणूनच कुणा एकावर संशय घ्यावा लागत नाही. आणि खरा धोका असलेला माणूस सुरुवात किरकोळ नियम मोडण्यापासून करतो. एकाच मुलाला गाडीतून घरी सोडणं, लपवून खाऊ देणं, परस्पर मेसेज, 'आपलं गुपित'. नियमच नसेल तर ते मोडलेलं दिसणार कसं? म्हणून मुलांशी खाजगी मेसेज पूर्ण बंद, जे काही असेल ते पालक असलेल्या ग्रूपवर.

तिरकस

चर्चच का? बाकी धर्मांच्या संस्था, शाळा, क्रीडासंस्था सोवळ्या आहेत का? विषय निवडतानाच रोख दिसतो.

व्यवस्थापन

इतर धर्मांची धुणी इथे धुऊ नयेत, त्यासाठी वेगळा धागा काढता येईल. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

पाटीपेन्सिल

तिरकस, प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात शाळा, अनाथाश्रम, क्लब, सरकारी संस्था, सगळ्यांचीच झाडाझडती घेतली. आठ हजारांहून जास्त पीडितांनी बंद खोलीत आपली हकिगत सांगितली. अहवालाचे १७ खंड झाले. सोवळं कुणीच निघालं नाही. तरी १९५० ते २०१० मधल्या कॅथलिक धर्मगुरूंपैकी सात टक्क्यांवर आरोप असल्याचं त्यात पुढे आलं. फ्रान्समध्ये २०२१ साली सोव्हे आयोगाने १९५० पासूनच्या बळींचा अंदाज दिला: धर्मगुरू आणि धर्मबंधूंकडून सुमारे २,१६,०००. चर्चशी निगडित इतर लोक धरले तर ३,३०,०००. कुटुंब आणि मित्रपरिवार वगळता सगळ्यात जास्त प्रमाण चर्चमध्ये आहे, असंही त्यांनी म्हटलं.

क्रीडा प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार करणारं मूल फार तर संघातली जागा गमावतं. फादरविरुद्ध बोलणाऱ्या मुलाला आपण देवाविरुद्ध बोलतोय असं वाटतं, आणि घरचेही तेच म्हणतात. कित्येक साक्षींमध्ये आलंय की मुलाने घरी सांगितलं तर त्यालाच मार पडला. म्हणून विषय चर्चचा.

शिंपला

मुळावर घाव घाला ना. कॅथलिक धर्मगुरूंवरची ब्रह्मचर्याची सक्ती काढली की अर्धं दुखणं जाईल. बाकी काचा आणि समित्या वरवरची मलमपट्टी.

वकीलपणा

शिंपला, हे पटत नाही. जॉन जे कॉलेजने २०११ मध्ये कारणांवर दुसरा अहवाल काढला. ब्रह्मचर्याचा नियम सगळा काळ होताच, मग आकडे वाढले का आणि पुढे घटले का, हे त्याने उलगडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आणि लग्न झालेल्या पास्टरांचं काय? अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या प्रोटेस्टंट संघटनेत बिशप नाहीत, ब्रह्मचर्य नाही. २०१९ मध्ये टेक्ससच्या वृत्तपत्रांनी वीस वर्षांतले सुमारे ३८० आरोपी आणि ७००हून जास्त बळी शोधून काढले. नेतृत्वाचं पालुपद होतं की आमची प्रत्येक मंडळी (म्हणजे स्थानिक चर्च) स्वायत्त, आम्हाला मध्यवर्ती यादी ठेवता येत नाही. २०२२ च्या चौकशीत निघालं काय, तर मुख्यालयातला एक कर्मचारी गुपचूप यादी ठेवत होता. ७०३ नावं! यादी होती, फक्त मंडळ्यांना दाखवली जात नव्हती.

इंग्लंडमधल्या चौकशीने २०२० मध्ये अँग्लिकन चर्चवर (इंग्लंडचं अधिकृत चर्च) अहवाल दिला. १९४० च्या दशकापासून २०१८ पर्यंत ३९० धर्मगुरू किंवा विश्वासाच्या पदावरच्या व्यक्ती दोषी ठरल्या होत्या. तिथेही धर्मगुरू लग्न करतात.

रचना वेगळी, श्रद्धेचा तपशील वेगळा, दडपण्याची पद्धत तीच.

शिंपला

ठीक, ब्रह्मचर्य एकमेव कारण नाही हे मान्य. पण स्वतःच्या गुपिताला जपणारा माणूस दुसऱ्याच्या गुपितावरही पांघरूण घालतो, त्याचा काही संबंध असेल असं अजूनही वाटतं.

रानजाई

वकीलपणा, त्यात आणखी एक भर. जॉन स्मिथ (इंग्रजीत Smyth) हा धर्मगुरू नव्हताच. बॅरिस्टर होता, ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांशी जोडलेला. मुलांना अमानुष मारायचा. १९८०च्या दशकात शिबिरवाल्यांना कळलं, प्रकरण पोलिसांकडे न जाता मिटलं आणि हे महाशय झिंबाब्वेला गेले. तिथेही शिबिरं काढली. २०१३ मध्ये अँग्लिकन चर्चच्या अगदी वरच्या पातळीवर माहिती पोचूनही नीट पाठपुरावा झाला नाही. तो २०१८ मध्ये खटला न होताच मेला. त्यावरच्या अहवालानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या चर्चचे प्रमुख आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला.

म्हणून नियम फक्त झगावाल्यांना लावून भागत नाही. शिबिर, गायनवृंद, वाहनचालक, सगळ्यांची पूर्वपडताळणी व्हायला हवी. आणि ती नेमणुकीपूर्वी. 'चालू तर करा, कागद नंतर बघू' हे आमच्याकडे सर्रास चालायचं.

सांजप्रार्थना

मी श्रद्धाळू कॅथलिक आहे, आणि धागा वाचताना त्रास होतोय हे आधीच सांगते. पण चर्चने काहीच केलं नाही असं चित्रही उभं राहू नये. २००२ मध्ये डॅलसला अमेरिकी बिशपांनी सनद केली: सिद्ध झालेल्या एका घटनेनंतरही सेवेतून कायमचं दूर, स्वयंसेवकांची पडताळणी, दरवर्षी बाहेरच्यांकडून तपासणी. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी आयोग नेमला. मे २०१९ च्या हुकुमानुसार प्रत्येक धर्मगुरूला आणि धर्मभगिनीला अशी माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक झालं, बिशपांविरुद्धच्या तक्रारींचीही वाट ठरली, आणि तक्रारदाराला गप्प राहायला सांगता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशा खटल्यांवरचं 'पोपचं गुपित', म्हणजे सक्तीची गुप्तता, उठवलं.

पाटीपेन्सिल

सांजप्रार्थना, तुमचा प्रतिसाद महत्त्वाचा. पण दोन भोकं दाखवतो. डॅलसच्या सनदेने बिशपांना स्वतःला वगळलं होतं. कार्डिनल मॅकॅरिक तेव्हा त्या सनदेच्या बाजूने पत्रकारांशी बोलत होते. त्यांनाच २०१९ मध्ये अत्याचारासाठी धर्मगुरूपदावरून काढलं. दुसरं, २०१९ च्या हुकुमातली सक्ती चर्चच्या आत कळवण्याची आहे. पोलिसांबाबत 'त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे' एवढंच. जिथे कायदा सक्ती करत नाही तिथे गाडी पुन्हा बिशपच्या टेबलावर थांबते.

आयोगाचंही तेच. मेरी कॉलिन्स, ज्या स्वतः लहानपणी अत्याचार सोसलेल्या, त्या २०१७ मध्ये बाहेर पडल्या. व्हॅटिकनमधली खाती सहकार्य करत नाहीत म्हणून. २०२३ मध्ये फादर हान्स झोल्नर बाहेर पडले. या विषयात त्यांच्याइतका जाणकार माणूस रोममध्ये क्वचितच असेल.

वकीलपणा

कायद्याचं थोडक्यात. काही देशांत ठरावीक व्यावसायिकांनाच कळवण्याची सक्ती असते (डॉक्टर, शिक्षक, कुठे कुठे धर्मगुरू), काही ठिकाणी प्रत्येकाला. भारताचा २०१२ चा पॉक्सो कायदा दुसऱ्या प्रकारचा. कलम १९ प्रमाणे माहिती किंवा नुसती शंका असलेल्या कुणीही कळवायचं, आणि कलम २१ प्रमाणे संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद. धर्मगुरूंना त्यात वेगळी सूट लिहिलेली नाही.

खरी गाठ आहे पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपुढे खाजगीत दिलेल्या पापाच्या कबुलीची. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये पापनिवेदनात कळलेलंही सांगायची सक्ती केली, न सांगितल्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास. कॅथलिक चर्चचं म्हणणं, मुद्रा (पापनिवेदनाच्या गुप्ततेचं बंधन) मोडणार नाही. मोडणाऱ्या धर्मगुरूला आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे.

सांजप्रार्थना

यात मी चर्चच्या बाजूची. कबुलीच्या खोलीत ऐकलेलं बाहेर जाणार असेल तर गुन्हेगार तिथे येणारच नाही. मग त्याला 'पोलिसांकडे जा' म्हणणारं एकमेव माणूसही उरणार नाही.

तिरकस

येऊन तरी काय होतं? ऑस्ट्रेलियातल्याच एका शिक्षा झालेल्या धर्मगुरूने प्रतिज्ञापत्रात लिहिलंय की पंचवीस वर्षांत तीसेक धर्मगुरूंपुढे सुमारे १,५०० वेळा कबुली दिली. प्रत्येक वेळी प्रार्थना आणि प्रायश्चित्त सांगून घरी. म्हणजे आतली पाटी दर आठवड्याला कोरी करून मिळत होती.

(आणि हो, वरचा माझा 'चर्चच का' मागे घेत नाही, पण धागा चांगला चाललाय.)

सांजप्रार्थना

ते वाचून मान खाली जाते. तरी गुन्हेगाराची कबुली आणि मुलाने सांगणं यात फरक करा. मूल पापनिवेदनात 'माझ्याबाबतीत असं झालं' म्हणालं तर ते त्याचं पाप नाहीच. व्हॅटिकनने २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाला दिलेल्या उत्तरात मुद्रा कायम ठेवली, पण धर्मगुरूने अशा पीडिताला बाहेर मदत घ्यायला सांगावं, काही वेळा सांगायलाच हवं, असं म्हटलंय. चांगला फादर तिथेच म्हणेल, 'बाळा, आपण बाहेर बाकावर बसू, तिथे हेच मला पुन्हा सांगशील?' बाकावर ऐकलेल्याला मुद्रा नाही.

अबोलकी

हा बाक आवडला.

मी मुलांची समुपदेशक आहे. धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाला गेले की एक गोष्ट हमखास दिसते. त्यांना वाटतं मूल येऊन सगळं सरळ सांगेल. मूल तसं सांगत नाही. ते म्हणतं, 'मला वेदीसेवक (उपासनेत फादरला मदत करणारं मूल) नाही व्हायचं आता.' किंवा 'त्या सरांच्या गाडीत मी मागेच बसणार.' मग थांबतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. पुढचं वाक्य येणार की नाही हे त्या क्षणी ठरतं. तुम्ही 'छे, सर किती चांगले आहेत' म्हणालात की संपलं, पुढची वीस वर्षं ते कुणाला सांगणार नाही. तुम्ही धक्का बसून 'काय केलं त्याने? कुठे? किती वेळा?' अशी सरबत्ती केलीत तरी संपलं, शिवाय तुमचे शब्द मुलाच्या तोंडी गेले म्हणून पुढे कोर्टात साक्ष कच्ची होते.

'बरं झालं सांगितलंस. तुझी काही चूक नाही. आणखी काही सांगायचंय?' इतकंच. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण ते मोडावं लागणार. 'तुला सुरक्षित ठेवायला मला हे अमक्यांना सांगावं लागेल' असं तिथेच सांगायचं. मग मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं. आणि ज्याचं नाव आलं त्याला फोन करून 'हे खरं का' असं विचारायचं नाही. चांगले धर्मगुरू ही चूक सगळ्यात जास्त करतात, न्यायबुद्धीने करतात. त्या माणसाला पुरावे पुसायला आणि मुलाला धमकवायला रात्र मिळते.

आणखी एक. चर्चा चर्चच्या आतल्या गुन्हेगारांची चाललीय, पण बहुतेक अत्याचार घरात किंवा घरच्या ओळखीत होतात. कुटुंबाला मुलाच्या बाप्तिस्म्यापासून दर आठवड्याला पाहणारं माणूस धर्मगुरूशिवाय दुसरं कोण असतं? शिक्षकाचा वर्ग दरवर्षी बदलतो. प्रवचनात एकदा जरी स्पष्ट म्हटलं की 'घरात कुणी असं वागत असेल तर ते लपवणं म्हणजे कुटुंबाची अब्रू राखणं नव्हे', तरी त्या आठवड्यात कुणीतरी येतं. हे मला एकाहून जास्त पाळकांनी सांगितलंय.

शिंपला

प्रवचनात तर उलटच ऐकू येतं. क्षमा करा, सत्तर गुणिले सात वेळा.

अबोलकी

हो, आणि मुलाला अत्याचार करणाऱ्यासमोर उभं करून 'माफ कर' म्हणायला लावल्याच्या हकिगती मी ऐकल्या आहेत. भावाने अपराध केला तर आधी एकांतात जाऊन त्याला सांग, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं वचन त्यासाठी वापरतात. त्याच अध्यायात थोडं आधी, लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात बुडवलेलं बरं, असंही आहे. ते सोयीस्करपणे राहतं.

वकीलपणा

वचनांच्या वापराचं टोक म्हणजे 'यहोवाचे साक्षीदार' हा पंथ. 'दोन साक्षीदार हवेत' हा नियम. अशा गुन्ह्याला दुसरा साक्षीदार कुठून आणणार? ऑस्ट्रेलियाच्या आयोगाला त्यांच्या फायलींमध्ये १९५० पासूनचे १,००६ आरोपी सापडले. संस्थेने पोलिसांना कळवलेले: शून्य.

दोनशब्द

खोट्या तक्रारीचं काय? एका वाक्याने माणूस आयुष्यातून उठतो.

पाटीपेन्सिल

म्हणूनच तर तपास बाहेरच्यांनी करायचा. आरोप झाला की वेतन चालू ठेवून मुलांच्या कामातून बाजूला, घोषणा मोजक्या शब्दांत, निकाल पोलीस आणि न्यायालय देईल. निर्दोष धर्मगुरूचं नाव खऱ्या अर्थाने तिथेच धुऊन निघतं. बिशपने 'आम्ही चौकशी केली, काही नाही' म्हटलं तर आज कोण विश्वास ठेवणार?

रानजाई

मला एक अडचण विचारायची होती. शिक्षा भोगून आलेला माणूस उपासनेला यायचं म्हणतोय. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो चर्चचं दार कुणाला बंद नसतं, दुसरा म्हणतो मुलं आहेत.

अबोलकी

दोन्ही बरोबर, म्हणून तोंडी काही ठेवू नका. अनेक चर्चेस लेखी करार करतात आणि तो पोलिसांच्या किंवा देखरेख अधिकाऱ्याच्या सल्ल्याने करतात. कोणत्या उपासनेला यायचं, कुठे बसायचं, सोबत नेमलेलं कोण असणार, मुलांच्या वर्गांकडच्या बाजूला आणि स्वच्छतागृहाकडे एकट्याने जायचं नाही, कुठलंही पद नाही, किल्ल्या नाहीत, कुणाच्या घरी जेवायला जाणं नाही. दर काही महिन्यांनी आढावा. सही करायला नकार दिला तर प्रवेश नाही, तिथे घासाघीस नको. आणि त्याने ज्या मुलावर अत्याचार केला ते कुटुंब तुमच्याच मंडळीत असेल, तर त्याने दुसरं चर्च शोधायचं. त्या चर्चच्या समितीला तुम्ही आधी लेखी कळवायचं.

रानजाई

कुटुंब आमच्याच मंडळीत आहे. धन्यवाद, पत्राचा मसुदा आज करते.